पंख्यामागचा दोरा

"ह्या बघ," बाबा म्हणाले आणि त्यांनी अ‍ॅल्युमिनियमची बशी माझ्या नाकासमोर धरली.

इंजिनाच्या बुडातून काढलेलं तेल त्या बशीत होतं. चांगलं तेल काळपट पण स्वच्छ असतं, बोटाला चिकटून राहतं. हे दूध घातलेल्या चहासारखं झालं होतं. गाबताच्या, दर्यावर जगणाऱ्या घरात जन्मलेल्या मुलीला ह्याचा अर्थ सांगावा लागत नाही. आत खारं पाणी शिरलं होतं.

"पाणी गेला," मी म्हटलं.

"गेला ना? मगे खयसून गेला ता बघूक व्हया."

ओट्यावर चहा पीत बसलेले सगुणकाका हसले. "अरे रघू, जुना इंजिन आसा. थोडा पाणी जातलाच. तेल बदल आणि लाव. तू इंजिन घेतंस की इंजिनाक चेडू देवन सोयरिक करतंस?"

सगुण मालंडकर म्हणजे आमच्या गावातला मोठा माणूस. किनाऱ्यावर सगळा गाव मिळून रापण ओढायचा, ते मोठं जाळं कधी टाकायचं आणि कोणाला किती वाटा द्यायचा हे त्यांच्या शब्दावर चालायचं. देवळातही मान त्यांचाच. त्यांनी मोठी होडी घेतली होती, म्हणून जुनी फायबरची होडी आणि तिचं इंजिन विकायला काढलं होतं. बाबांची होडी वल्ह्यांची. खांदे दुखायला लागले होते, रात्री तेल चोळायला मीच होते, आई माझ्या लहानपणीच गेली. सगुणकाकांची होडी घ्यायची म्हटल्यावर बाबांनी एकच अट घातली होती. इंजिन आमच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात आणायचं, सगुणकाकांच्या डोळ्यांदेखत उघडायचं, धुऊनपुसून परत लावायचं आणि मगच विसार द्यायचा. नवीन सील, तेल, पिन, सगळं त्यांनी आदल्या बाजाराला मालवणातून आणून ठेवलं होतं.

माझं मन मात्र त्या दिवशी इंजिनात नव्हतं. खाडीच्या पलीकडच्या काठावर कुबलांच्या घराची कौलं आमच्या खळ्यातून दिसत. सकाळपासून तिथून भांडी-ट्रंका होडीत चढत होत्या. वासू कुबल बायकोमुलाला घेऊन कारवारला मेव्हण्याकडे कायमचे निघाले होते. भरती पुरी झाली की सुटणार होते.

त्यांचा मुलगा दिगंबर. त्याच्याशी माझी सुपारी फुटली होती. आणि मोडलीही होती.

कशी मोडली ते सांगते. गेल्या हंगामात खाडीच्या तोंडाशी, काळ्या खडकाजवळ, बाबांनी रात्री जाळं लावलं होतं. सकाळी गेले तर जाळं फाटून चिंध्या झालेल्या. कोणाची तरी इंजिनाची होडी वरून गेली होती आणि मग सुरीनं जाळं कापून मोकळी झाली होती. नव्याकोऱ्या जाळ्याची ती दशा बघून बाबा वाळूत बसले ते उठेनात. त्या रात्री वासूकाकांना खाडीत येताना लोकांनी पाहिलं होतं. वासूकाका म्हणाले, मी नाही. बाबा म्हणाले, तूच. सुपारी फुटलेल्या घराशी भांडण! शेवटी देवळात कौल लावला. गुरवानं देवाला कळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं आणि उजवी कळी टपकन पडली. उजवा कौल म्हणजे हो. झालं. वासूकाकांना रापणीच्या दोरीला हात लावायला मिळेना. काकी, दिगंबरची आई, विहिरीवर आल्या की बायका घागर उचलून निघून जात. माझी सुपारी बाबांनी स्वतःच्या तोंडानं मोडली. मी रडले, ओरडले, जेवायची थांबले. "देवानं सांगल्यान," एवढंच ते म्हणत. देवाशी मी काय भांडणार?

तर सगुणकाका हसले, पण बाबा काही हसले नाहीत.

"सील कापला असतला," ते म्हणाले. "पंखो काढूचो लागतलो."

"पंखो कित्याक?" काका चहाची कपबशी खाली ठेवत म्हणाले. "पंखो मी मागेच काढलेलंय. साफ केलेलंय. उगाच येळ घालव नको."

"साफ केलंस तर बराच आसा. माझो येळ जाता, तुझो काय जाता?"

बाबांचा हा स्वभाव मला पाठ होता. एकदा पाना हातात घेतला की समोर यम जरी उभा राहिला तरी ते त्याला म्हणतील, थांब, नट बसवतो. त्यांनी पिन ठोकून काढली आणि पाण्यात फिरून होडी ढकलणारा पंखा हलवून हलवून बाहेर ओढला. मी रॉकेलची वाटी धरून बाजूला उकिडवी बसले होते, म्हणून त्यांच्याइतकंच मलाही दिसलं.

पंख्यामागे दांड्याला जाळ्याचा दोरा गुंडाळलेला होता. वरवरचा भाग सुरीनं कापून काढलेला, पण अगदी आतली वेटोळी तशीच राहिली होती, सीलमध्ये रुतून बसलेली. असं सगळ्यांच्याच इंजिनात होत असतं. जाळ्यावरून होडी गेली की दोरा पंख्यात जातो, माणूस घाईघाईत हाताला लागेल तेवढा कापतो, आतला राहतो, आणि तो राहिलेला दोरा सील कापत कापत तेलात पाणी सोडतो. बाबांनी टोचणीनं एक टोक उचललं आणि उलट्या बाजूनं फिरवत सोडवायला सुरुवात केली. हिरवा दोरा. गावात निम्म्या जाळ्यांचा दोरा हिरवाच होता. रॉकेलचा फडका फिरला तसा रंग उजळत गेला.

आणि मग हिरव्यातून गुलाबी निघाला.

तो गुलाबी दोरा जाळ्याचा नव्हताच, माझा होता. मी नायलॉनच्या पिशव्या विणायची त्यातला. बाबांच्या नव्या जाळ्याला पहिल्याच दिवशी खेकड्यांनी भोक पाडलं, घरात हिरवा दोरा संपलेला, म्हणून मी माझ्या पिशवीच्या दोऱ्यानं ते सांधलं होतं. सुपारी फुटली त्याच आठवड्यातली गोष्ट. बाबा बघून खो खो हसले होते. "काय गो, जाळ्याक मुंडावळ्यो बांधलंस?" सगळ्या शेजाऱ्यांना दाखवत फिरले होते. असा गुलाबी दोरा दर्यात दुसऱ्या कोणाच्या जाळ्याला असणं शक्य नव्हतं.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांचा हात थांबला होता. फक्त थांबला होता. चेहऱ्यावर काही म्हणता काही नाही.

सगुणकाका ओट्यावरून उतरून आमच्या मागे येऊन उभे होते. त्यांनीही पाहिलं. कोंबड्या पायात खुडबुडत होत्या.

"जाळा खयचा तरी असात," काका म्हणाले. "दर्यात काय जाळी कमी तुटतत?"

बाबांनी उरलेला दोरा सोडवला, गुंडाळी केली, शर्टाच्या खिशात टाकली. आणि मला म्हणाले, "सुगंधा, नवीन सील दी."

"बाबा!"

"सील दी म्हटलंय."

मी दिलं. मला वाटलं, आत्ता उठतील. आत्ता काकांची गचांडी धरतील. कुठचं काय! त्यांनी सीलला ग्रीस लावलं, लाकडाचा ठोकळा ठेवून हलक्या हातानं ठोकत बसवलं. पलीकडे कुबलांच्या होडीत शेवटची गोणपाटं चढत होती. भरतीचं पाणी आमच्या माडांच्या मुळाशी आलं होतं.

सगुणकाका पुन्हा ओट्यावर बसले, पण आता टेकून नाही. "रघू," ते हळूच म्हणाले, "तू आपलो माणूस. किमतीचा काय घेवन बसलंस? तू म्हणशीत ता. विसाराची पण घाई नाय. आणि औंदा रापणीत माझ्या बाजूक उभो रव. माका तुझ्यासारखो माणूस व्हयो."

"बरा," बाबा म्हणाले.

बरा! माझ्या अंगाची आग आग झाली. मी हातातला फडका टाकला आणि उभी राहिले. काकांसमोर बोलायचं नाही, मोठ्या माणसांत तोंड घालायचं नाही, सगळं शिकवलेलं होतं मला. त्या वेळी काही आठवलं नाही.

"बाबा, माझा लगीन विकलास तुमी? होडयेसाठी?"

"गप रव."

"नाय रवनय! ते चललेत थय. निर्दोष माणसा घरदार सोडून चललीत आणि तुमी सील बसवतास?"

"सुगंधा," बाबा वर न बघता म्हणाले, "उघडलेला इंजिन असा टाकून उठणत नाय. तेल ओत."

काका म्हणाले, "चेडू तापट आसा हां तुझा," आणि उगाच हसले.

मी तेल ओतलं. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हात आपोआप काम करत होते. खालच्या भोकातून तेल भरलं, वरच्या भोकातून बुडबुडे यायचे थांबले, बाबांनी स्क्रू आवळले. पंखा चढवला. नवीन पिन घातली. प्लग काढून घासला, परत बसवला. बाबांचा मला इतका तिटकारा आला होता की त्यांच्या मानेवरची शीर मला दिसत होती, ताठ झालेली, थडथड उडणारी, तरी तिचा अर्थ लागला नाही.

तेवढ्यात पलीकडून इंजिनाचा आवाज आला. कुबलांची होडी सुटली. ट्रंका, टोपली, गुंडाळलेली चटई, मधे डोक्यावर पदर घेतलेल्या काकी. दिगू पुढे उभा होता. त्यानं आमच्या घराकडे पाहिलं की नाही, एवढ्या लांबून कळलं नाही. होडी खाडीच्या तोंडाकडे वळली.

"गेले," मी म्हटलं. "बाबा, ते गेले."

बाबांनी शेवटचा नट आवळला. पाना पिशवीत ठेवला, हात पुसले. मग उभे राहिले आणि म्हणाले, "सगुण, पिंपात चालवन काय्य कळणा नाय. पाण्यात ट्रायल घेवया. उचल."

काकांच्या चेहऱ्यावरचा ताण असा सुटला की मला बघवेना. सौदा झाला असं त्यांना वाटलं. दोघांनी इंजिन खांद्यावर घेतलं आणि उतरणीवरून खाली बांधलेल्या त्यांच्या होडीला नेऊन जोडलं. मी ओट्यापाशीच उभी होते.

"तू कित्याक थांबलंस?" बाबा ओरडले. "ये!"

मी पळत गेले. बाबांनी दोरी ओढली. दुसऱ्या झटक्याला इंजिन बोललं, पाण्याची धार बाजूनं सणसणीत सुटली. पंखा फिरायला लागला आणि होडी उसळली. सगुणकाका आनंदानं म्हणाले, "बघ! घोडो आसा घोडो!"

बाबांनी होडी खाडीच्या तोंडाकडे काढली. काका म्हणाले, आता वळव. बाबांनी वळवली नाही. काळा खडक गेला. लाटा वाढल्या.

"रघू, खय चललंस?"

"इंजिन किती धावता ता बघतंय."

समोर कुबलांची लादलेली होडी दिसत होती, डुलत डुलत चाललेली. काकांना आता कळलं. त्यांचा रंग उडाला. ते उठायला गेले, होडी कलली, परत बसले.

"रघू, देवाचो कौल झालेलो आसा. देवाक खोटो पाडतलंस?"

बाबा तेव्हा त्यांच्याकडे वळले. इतका वेळ दाबून धरलेलं सगळं त्यांच्या तोंडावर आलं. "देवान खराच सांगल्यान, सगुण! देवाक आमी काय विचारलेला? वासूची होडी त्या राती खडकाकडे होती काय? होती! वासू सोता सांगी होतो, मी बत्ती घेवन बाजून गेलंय म्हणान. जाळा कोणी कापला, असा विचारूकच नाय! गाऱ्हाणा काय घालूचा ता गुरवाक कोणी सांगल्यान? तू! आणि मी खुळो तुझ्या बाजूक हात जोडून उभो!"

सगुणकाकांनी मान खाली घातली. "काळोखात दिसला नाय रे माका," ते पुटपुटले. "बत्ती नव्हती माझ्याकडे. गाव काय म्हणात म्हणान भियालंय."

इंजिन एका सुरात चाललं होतं. बाबा ते अर्धवट टाकून उठले असते तर वल्ह्यांनी त्या होडीला गाठणं आम्हाला जन्मात जमलं नसतं, हे मला तिथं पाण्यात कळलं. मला त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं आणि त्यांना दोन गुद्दे मारावेसेही वाटले. आधी बोलले असते तर तोंड शिवलं असतं काय कोणी त्यांचं?

आम्ही ओरडलो. दिगूनं वळून पाहिलं. वासूकाकांनी इंजिन बंद केलं. दोन्ही होड्या लाटेवर एकमेकींना आपटायला लागल्या तशी काकींनी हात पुढे करून आमच्या होडीची कड धरली.

"वासू," बाबा उभे राहून म्हणाले, "माझा जाळा तू नाय कापलंस. दोरो ह्येच्या पंख्यात गावलो." त्यांनी खिशातली गुंडाळी काढून दाखवली. "मी चुकलंय. गावासमोर सांगतलंय. परत चल."

वासूकाका बारीक, काळे, फार न बोलणारे. त्यांनी एकदा दोऱ्याकडे, एकदा सगुणकाकांकडे पाहिलं. सगुणकाका पायाशी बघत होते.

"नाय रघू," वासूकाका म्हणाले. "गावान सोडला ता मी सोसलंय. पण तू सोडलंस. तू येकदा तरी घराकडे येवन विचारूक व्हया होता. आता माझा मन नाय थय."

"बरा," बाबा म्हणाले. तेच 'बरा', पण ह्या वेळी त्यात सौदा नव्हता. मग ते म्हणाले, "माझ्या चेडवाचो काय गुन्हो?"

वासूकाकांनी काकींकडे बघितलं. काकींनी कड सोडली नव्हती. त्या माझ्याकडे बघत होत्या. "तेका विचारा," त्या म्हणाल्या. "ता कोणाच्या खिशातला नाय."

"काय गो?" वासूकाकांनी मला विचारलं. "तुका काय वाटता?"

दिगूनं आपल्या पायाजवळची ट्रंक बाजूला सरकवली. माणसाला उभं राहायला जागा होईल एवढी.

"माका येवचा आसा," मी म्हटलं.

अंगावर तेलाचे डाग पडलेलं जुनं पातळ, पायात काही नाही, हाताला रॉकेलचा वास. नवरी म्हणून मी अशी निघाले. दिगूनं हात दिला. मी पाय उचलणार तेवढ्यात बाबांनी माझं मनगट धरलं आणि ती दोऱ्याची गुंडाळी माझ्या मुठीत कोंबली.

"घी. तुझ्यो मुंडावळ्यो."

"बाबा, ह्यो तुमका लागतलो! देवळात काय दाखवतल्यात?"

"माका माझा तोंड आसा," ते म्हणाले. "जा."

मी त्या होडीत गेले. काकींनी कड सोडली. बाबा परत फिरले तेव्हा ते आणि सगुणकाका एकाच होडीत एकमेकांकडे पाठ करून बसले होते. तसेच लहान होत गेले.

पुढचं मला कारवारात कळलं, येणाऱ्याजाणाऱ्यांकडून तुकड्या तुकड्यानं. बाबांनी दुसऱ्याच दिवशी देवळात उभं राहून सगळं सांगितलं. सगुणकाका म्हणाले, "रघूचा चेडू कुबलाच्या झिलाबरोबर पळान गेला, म्हणान अब्रू झाकूक काय्य बोलता." लोकांनी विचारलं, दोरा कुठाय? बाबा म्हणाले, तिला दिला. लोक हसले. बाबा म्हणाले, मग पुन्हा कौल लावा, ह्या वेळी मी विचारतो. गुरव म्हणाला, झालेल्या कौलावर कौल लागत नाही. पुढच्या रापणीला बाबा दोरी धरायला गेले, तर त्यांच्या हातातून ती काढून घेतली. त्यांनी धरलेली जागा वासूकाकांचीच होती, शेवटून पहिली, ते गेल्यापासून ती रिकामीच होती.

हे ऐकल्यावर मी दोरा घेऊन गावाला निघाले होते. पिशवी भरली होती. बाबा नेमके त्याच सुमाराला कारवारला आले, सगुणकाकांची होडी घेतलीच नव्हती, वल्ही मारून मारून हाताला घट्टे पडलेले. मी म्हटलं, चला, दोघं जाऊ, त्यांच्या तोंडावर फेकते. "नको," ते म्हणाले. "तो तुझो. माझा मी बघतंय." कितीही भांडले तरी ऐकलं नाही. माझंच रक्त, मी तरी किती भांडणार?

ते दरवर्षी यायचे. पावसाळा सरायच्या आधी, होड्या पाण्यात पडायच्या आधी. वासूकाका त्यांना ओट्यावर जागा द्यायचे, सुपारी कातरून द्यायचे, पण जुन्या गोष्टीचा शब्द दोघांनी कधी काढला नाही. चहा झाला की बाबा आमचं इंजिन अंगणात घ्यायचे. तेल नंतर, प्लग नंतर. आधी पिन काढायचे, पंखा ओढायचे आणि त्याच्या मागे बघायचे. कधी काही निघालं नाही. तरी दांडा फडक्यानं पुसायचे, पुन्हा पुसायचे, आणि मला म्हणायचे, "सुगंधा, सील दी."